आईचं तिसरं नाव

आमच्या घरी इंग्रजी शाळेतून आलं नाही, बाजाराच्या पिशवीतून आलं. साबणाचं वेष्टण, टॉनिकची बाटली, शिलाई मशीनच्या तेलाची डबी, प्रेशर कुकरच्या खोक्यातली घडीची पुस्तिका, जे जे छापील म्हणून घरात शिरेल ते आधी आम्हा दोघी बहिणींच्या हातातून जायचं आणि मग कचऱ्यात. बाबांचा तसा हुकूमच होता. बाबा भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, होते. कराडकडच्या एका खेड्यातून निघालेला, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला हा माणूस मशीनवरच्या पाट्या वाचून वाचून साहेबांशी इंग्रजीत बोलण्याइतका तयार झाला होता. आपण ज्या वाटेनं वर आलो त्याच वाटेनं मुलींनीही यावं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आमच्या मनात होती, पण आम्हाला विचारतंय कोण!

पहिली पाळी असली की बाबा दोनला सुटत आणि अडीचपर्यंत सायकल सोनागिरी वसाहतीतल्या आमच्या दारात येई. आमची शाळा सकाळची. त्यामुळे तीनच्या सुमाराला चौघं एकत्र जेवायला बसायचो. म्हणजे तिघं बसायचो आणि आई वाढायची. पहिली पोळी संपली की बाबा ताटावरून मान वर न करता विचारत, "हां, आज काय आणलं?" मग मी एक शब्द सांगायचा, धाकट्या शोभीनं एक. शब्द पुस्तकातला चालायचा नाही, घरात आलेल्या वस्तूवरचाच हवा. अर्थ मराठीत सांगायचा. आणि वाक्य मनानं रचायचं नाही; शब्द जिथे सापडला तिथलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. बाबांचं म्हणणं असं, की मनची वाक्यं सगळ्यांनाच करता येतात, छापलेलं किंवा लिहिलेलं वाक्य कुणीतरी जबाबदारी घेऊन लिहिलेलं असतं. शब्द नसेल तर वरणभातावर तूप नाही. शोभी तुपासाठी काहीही करायची. एकदा तिनं काडेपेटीवरचा एकच शब्द दोन आठवड्यांनी पुन्हा खपवला आणि बाबांना बरोबर आठवला.

या शिकवणीचा खरा फायदा झाला तो आईला. ती सांगलीत चौथीपर्यंत शिकलेली. शब्द आणायची सक्ती तिच्यावर नव्हती, पण आम्ही आणलेला शब्द तिला आवडला की ती तो ठेवून घ्यायची. लोकरी कपड्यांच्या साबणावरून मी 'लुकवॉर्म' आणला, तेव्हापासून आमच्याकडे अंघोळीचं पाणी कोमट राहिलं नाही, लुकवॉर्म झालं. लोणच्याची बरणी माळ्यावरच्या 'ड्राय प्लेस'ला गेली. शेजारच्या तिवारीण चाची तिच्या हिंदीची थट्टा करायच्या, "भाभी, आप तो 'मैं जाती है' बोलती हो," असं म्हणून पदर तोंडाला लावायच्या. एकदा आईनं त्यांना औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवून "शेक वेल, शेक वेल" म्हणून ऐकवलं, तेव्हा चाचींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या दिवशी आई इतकी खूश होती की आम्हाला शिरा मिळाला.

माझी नात आता फोनला विचारते. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, अर्थ हजर. मी नेहरू नगरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण तिला माझी गरज पडत नाही. तिला हे सगळं सांगायला गेले तर म्हणते, "आजी, साबणाचा कागद कोण वाचतं?" खरं आहे. पण अवधपुरीच्या या फ्लॅटमध्ये एकटी बसले की अजूनही औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मला गोळी घेववत नाही. सवय म्हणा, खोड म्हणा.

तर मी बाराएक वर्षांची असेन. घरात नवीन काही येईना आणि असलेलं सगळं आम्ही चाटूनपुसून संपवलं होतं. शोभीला कुणाच्या तरी लग्नातल्या भेटीच्या खोक्यावर चार शब्द सापडले होते आणि ती ते पुरवून पुरवून वापरत होती, मला दाखवून. माझा दोन दिवस भात कोरडा गेला होता. मोठी असून तूप नाही, ही गोष्ट मला फारच लागली. तिसऱ्या दिवशी बाबा कारखान्यातून आले, सायकल लावली आणि न्हाणीघरात शिरले. मी शिलाई मशीनचा खण उघडला. तिथे बाबांचे कारखान्याचे कागद असत. त्या आठवड्यात सगळ्या कामगारांना नवे फॉर्म वाटले होते. घरच्यांची माहिती भरून द्यायची, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्याची नवी कार्डं मिळणार. बाबांनी फॉर्म भरून वर पेपरवेट म्हणून एक नट ठेवला होता. कागद घरात आला आहे, त्यावर इंग्रजी आहे, तेव्हा तो नियमात बसतो, असं मी स्वतःला पटवलं. वरच्याच ओळींत न आलेला शब्द मिळाला, स्पाउस. डिक्शनरी काढली. पती किंवा पत्नी. वाक्य उतरवून घ्यायला वहीसुद्धा लागली नाही, इतकं लहान होतं. 'नेम ऑफ स्पाउस', आणि पुढे बाबांच्या तिरप्या, नीटस अक्षरात, 'सुलोचना'.

आता इथे वाचणाऱ्याला वाटेल, की मुलगी अगदीच मठ्ठ दिसते, तिला काही कळलं नाही का? नाही कळलं. माझ्या आईची तेव्हाच दोन नावं होती. माहेरी ती वत्सला. मामा-मामी अजून तिला वच्छीच म्हणत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं ते मंगल, आणि रेशनकार्डावरही मंगलच होतं. लग्न झालं की बाईचं नाव बदलतं, हे मला सूर्य उगवतो तितकं साधं वाटायचं. आत्यांची बदलली होती, मामीचं बदललं होतं. एका बाईला दोन नावं असू शकतात तर तिसरं का नसावं? घरचं एक, माहेरचं एक, कारखान्याचं एक. उलट मला आनंद झाला. सुलोचना हे नाव मंगलपेक्षा कितीतरी झोकदार होतं, आणि ते बाबांनी कारखान्यासाठी राखून ठेवलं होतं.

जेवायला वांग्याची भाजी होती आणि लसणाची चटणी. शोभीनं आधी आपला शब्द सांगून तूप पदरात पाडून घेतलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "स्पाउस. म्हणजे पती किंवा पत्नी." बाबा म्हणाले, "वा! नवा आहे. वाक्य?" त्यांना वाटलं असणार, कुठल्यातरी विम्याच्या जाहिरातीवरचा असेल. मी वाक्य म्हटलं. नावासकट म्हटलं. आणि त्यांनी शाबासकी द्यायच्या आत मी आईकडे वळून म्हणाले, "आई, तुझं आणखी एक नाव आहे, तुला माहितीये? कारखान्यात तू सुलोचना आहेस!"

बाबांचा हात तोंडाशी गेलेला तिथेच थांबला. मला अजून तो घास दिसतो. आई पातेल्यातून भाजी वाढत होती, तिचा डावही तसाच राहिला आणि त्यातून रस्सा माझ्या ताटाबाहेर ठिबकत होता. शोभी भात कालवत होती, तेवढाच काय तो आवाज. मी काहीतरी भयंकर बोलले आहे हे मला कळलं, पण काय ते कळेना. मला वाटलं, परवानगीशिवाय खण उघडला म्हणून असेल.

"कोण सुलोचना?" आईनं विचारलं.

"जेवण होऊ दे," बाबा म्हणाले. "मग सांगतो."

"आत्ता सांगा."

 आईनं डाव पातेल्यात ठेवला, पातेलं खाली ठेवलं, आणि मला म्हणाली, "नले, तो कागद आण." बाबांनी "नलिनी, बस खाली" म्हटलं. मी अर्धी उठलेली, अर्धी बसलेली. आयुष्यात त्यापूर्वी कधी या दोघांनी मला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. आई एवढंच म्हणाली, "मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून तुला सांगते. आण."

मी कागद आणला आणि उभ्यानं वाचला. सगळा. आईनं एकही ओळ सोडू दिली नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. बाबांचं नाव, हुद्दा, हजेरीचा तिकीट नंबर. मग स्पाउस, सुलोचना. मग 'डिपेंडंट्स', म्हणजे अवलंबून असलेले. त्यात दोन मुली, नलिनी आणि शोभा, आमची वयं. "यांची आई?" आईनं विचारलं. मी म्हटलं, तसा रकाना नाही. "नीट बघ. मंगल कुठे आहे?" मी वरून खाली पाहिलं, मागची बाजू पाहिली. "वत्सला?" तेही नव्हतं. शेवटी खाली 'डिक्लरेशन' होतं, त्याचाही तिनं अर्थ करायला लावला. वर दिलेली सर्व माहिती खरी आहे, असं मी याद्वारे जाहीर करतो. खाली बाबांची सही. अर्थ मी बरोबर सांगितले. एवढा धक्का बसलेला असताना ते मला कसे सुचत गेले, याचंच आज आश्चर्य वाटतं.

बाबांनी जे सांगितलं ते फार थोड्या शब्दांत. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. आजीचं आणि त्या मुलीचं पटेना, वर्षभरात तिला भावाकडे पाठवून दिलं, आणायला कुणी गेलं नाही. नोकरी लागली तेव्हा कागदावर बायको म्हणून तिचं नाव गेलं, कारण बायको तीच होती. पुढे दोन वर्षांनी आजीनं सांगलीची मुलगी बघितली आणि तिच्या घरच्यांना मुलगा बिनलग्नाचा म्हणून सांगितलं. सरकारी नोकरीत दुसरी बायको चालत नाही. मंगलचं नाव घातलं असतं तर नोकरी गेली असती. "म्हणून दरवेळी जुनंच लिहितो," बाबा म्हणाले. "त्यात दुसरं काही नाही."

"जिवंत आहे?"

"आहे."

तेव्हा मला दवाखान्याचा उलगडा झाला. आम्हाला ताप आला की बाबा सायकलवर पुढे-मागे बसवून कारखान्याच्या दवाखान्यात न्यायचे, आणि आईला हिवताप झाला तेव्हा बाजारातल्या डॉक्टरकडे. कारखान्याचे डॉक्टर बायकांकडे नीट बघत नाहीत, असं ते म्हणायचे आणि आम्ही ते खरं मानलं होतं. आम्हा दोघींच्या वेळची आईची बाळंतपणं सांगलीला झाली, त्याचंही कारण हेच. आईलाही ते सगळं त्याच क्षणी उमगलं असणार. तिचा चेहरा असा पांढराफटक पडला की मला वाटलं, ही आता पडते. ती पडली नाही. म्हणाली, "तेरा वर्षं मी तुमच्याकडे कोण म्हणून आहे?"  मी बाबांकडे बघत राहिले. जगातला प्रत्येक शब्द ज्याला येतो असं मला वाटायचं तो माणूस खाली मान घालून ताटातली चटणी बोटानं पसरत होता. मला त्यांचा इतका राग आला, की त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

पुढचे आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तिवारीण चाची भिंतीवरून डोकावून गेल्या. "क्या बात है भाभी, बच्चियों की आवाज़ ही नहीं आती? तबीयत तो ठीक है?" आई म्हणाली, ठीक आहे. फॉर्म द्यायची मुदत महिनाअखेरची होती. बाबांनी एकदा अजिजीनं सांगितलं, की सुलोचनेनं सोडचिठ्ठी लिहून दिली तर ते कोर्टात जाऊन सगळं रीतसर करून घेतील, मग पुढच्या फॉर्मवर मंगलचंच नाव. "मग तुम्ही का नाही गेलात इतकी वर्षं?" आईनं विचारलं. शेवटी आईनं त्यांच्याकडून सुलोचनेच्या गावाचं नाव घेतलं, फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि मला बरोबर घेतलं. इंग्रजी वाचायला कुणीतरी हवं, असं ती म्हणाली. खरं तर एवढ्या लांब एकटीनं जायला ती घाबरली होती. दोन गाड्या बदलून, वर एस.टी.नं आम्ही तिथे पोहोचलो.

सुलोचना अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी मनात एक राक्षसीण करून ठेवली होती. ही तर माझ्या आईपेक्षा लहानखुरी निघाली. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आईनं आपण कोण ते सांगितलं. ती उठली, हात पदराला पुसले, पाणी आणलं, गूळ आणला. भावजय दारातून म्हणाली, "आता कशाला आलीय ही?" आणि ही म्हणजे आई की सुलोचना, ते मला कळलं नाही, कारण ती सुलोचनेकडे बघूनच बोलली. त्या घरात तिच्याशी सगळे त्याच सुरात बोलत होते. आईनं न थांबता विषय काढला. नोकरीच्या कागदावर तुमचं नाव आहे, ते काढायचंय, तुम्ही लिहून द्या.

सुलोचना म्हणाली, "माझं नाव? कुठल्या कागदावर?"

तिला माहीतच नव्हतं. आईनं फॉर्म माझ्या हातात दिला आणि मी ओळ वाचली. "म्हणजे काय?" तिनं मला विचारलं. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग की."

"पत्नी," मी म्हटलं.

"असं लिहिलंय? त्यांच्या हातानं?"

मी होय म्हटलं. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, मी सुलटा करून दिला. नाव कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवलं. मला पुन्हा वाचायला लावलं. मग भावजयीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर तिसऱ्यांदा. माझ्या आईसमोर मी दुसऱ्या बाईला तीन वेळा माझ्या बापाची पत्नी म्हटलं. 

कागद परत देताना ती म्हणाली, "न्हाई देणार लिहून. घर तुझं, पोरी तुझ्या, माणूस तुझा. माझ्याकडं एवढंच हाय, आन् ते बी मला आजच कळलं." आवाजात भांडण नव्हतं. आईनं कागद पिशवीत कोंबला आणि माझा हात धरला. आम्ही फाटकापर्यंत आलो तशी सुलोचना मागून आली. विचारलं, "त्यास्नी तिखट सोसत न्हाई, अजून तसंच का?"

आई जागच्या जागी थांबली. आमच्याकडे सांगलीचा झणझणीत स्वयंपाक. तेरा वर्षं बाबा तो निमूट खात आले होते आणि तिखट लागतं असं एकदाही म्हणाले नव्हते.  परतीच्या सगळ्या प्रवासात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. दुसरी बाई कागदावर आहे हे कळलं तेव्हा जी रडली नव्हती, ती या एका गोष्टीवर मनमाडपर्यंत रडली.

त्या वेळी मला आईचा राग आला होता, आणि लपवून काय करू, थोडा आजही आहे. तिनं भांडायला हवं होतं, कोर्टात जायला हवं होतं, निदान त्या फॉर्मचे तुकडे करायला हवे होते. मी शिकले, नोकरी केली, माझ्या प्रत्येक कागदावर माझं नाव मी स्वतः घातलं, ते त्या रागापायीच. पण तिच्या जागी दोन मुली पदरात असताना मी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा बाबा रजा घेऊन घरीच होते. शोभी तिवारीण चाचींकडे खेळत होती. ते आईच्या तोंडाकडे बघत राहिले. "नाही म्हणाली," आईनं सांगितलं. पिशवीतून फॉर्म काढून त्यांच्यापुढे धरला. "तसाच द्या नेऊन."

मग हातपाय धुऊन ती चुलीशी बसली. कणीक मळली, वरण-भात लावला, चार पोळ्या केल्या. तोवरच्या आयुष्यात मी तिला सगळ्यांच्या आधी जेवताना कधी पाहिलं नव्हतं. ती कायम शेवटी, उरलेलं घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवायची. त्या दिवशी तिनं पहिलं ताट वाढलं आणि मी नेहमीप्रमाणे पाट मांडायला घेतले, तर ते ताट घेऊन ती स्वतःच बाबांच्या पाटावर बसली. भातावर तूप घातलं. बाबा दारात उभे होते, त्यांना आत यावं की नाही कळत नव्हतं. पुढे ते गेले त्या वर्षापर्यंत आमच्या घरात आई आधी जेवत आली, आणि तिचं होईपर्यंत ते थांबत आले. त्या पहिल्या दिवशी तिनं सावकाश, एकेक घास चावून, दोनदा भात घेतला, आणि एकदाही वर पाहिलं नाही.